जुन्या घड्याळाची साक्ष

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

वापरलेली वस्तू स्वस्त, हा आपला साधा हिशेब. नवी मोटारसायकल दुकानातून निघून कोपऱ्यापर्यंत गेली, की तिची किंमत उतरते. कपाट, पंखा, शिवणयंत्र यांचेही तेच. सोने तेवढे अपवाद, कारण ते वितळवता येते. मनगटावरचे घड्याळ मात्र या हिशेबात नीट बसत नाही. बहुतेक घड्याळे वापरली की स्वस्त होतात हे खरेच. पण काही घड्याळे जुनी होतात तशी महाग होत जातात.

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका लिलावात एक वापरलेले पोलादी घड्याळ सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. ते होते रोलेक्स कंपनीचे 'डेटोना', आणि ते अमेरिकन नट पॉल न्यूमन यांच्या हातावर होते. न्यूमन यांना मोटारींच्या शर्यतीचे वेड. त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जोअॅन वुडवर्ड यांनी ते त्यांना भेट दिले आणि मागच्या झाकणावर 'गाडी सांभाळून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. १९८४ मध्ये न्यूमननी ते आपल्या मुलीच्या मित्राला देऊन टाकले. कारण काय, तर त्याच्याकडे घड्याळ नव्हते! गंमत म्हणजे त्या घड्याळाची तबकडी १९६०च्या दशकात गिऱ्हाइकांना फारशी पसंत नव्हती. दुकानात पडून राहणारा तो माल होता.

मी काही घड्याळजी नाही. इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि जुन्या घड्याळांची थोडीफार हौस आहे. त्यामुळे अलीकडे बरेच जण विचारतात, "चांगल्या कंपनीचे जुने घड्याळ घ्यायचे आहे, निवडायचे कसे?" बढती मिळालेली मुलगी विचारते, निवृत्त झालेले गृहस्थ विचारतात. त्यांना मी म्हणतो, कोणते घड्याळ घ्यायचे हे तुमच्या आवडीने आणि खिशाने ठरवा. पण जे घ्याल त्याचा इतिहास वाचता आला पाहिजे. जुने घड्याळ हे एक प्रकारचे कागदपत्र आहे. त्यात कुणी खाडाखोड केली आहे का, नंतर कुणी काही घुसडले आहे का, हे पाहायचे असते. त्यासाठी या वस्तूचा इतिहास थोडा माहीत हवा.

मनगटावर घड्याळ बांधण्याची रीत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात पुरुषाचे घड्याळ साखळीला लावून खिशात असायचे. हातावर घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १८६८ मध्ये हंगेरीच्या एका सरदार घराण्यातील स्त्रीसाठी असे घड्याळ बनवले होते. पुरुषांच्या मनगटावर ते खऱ्या अर्थाने आणले पहिल्या महायुद्धाने. खंदकात बसलेल्या अधिकाऱ्याला ठरलेल्या मिनिटाला हल्ला करायचा असे. एका हातात शस्त्र असताना दुसऱ्या हाताने कोटाच्या आतून घड्याळ काढणे परवडणारे नव्हते. १९१८ मध्ये युद्ध संपले, सैनिक घरी गेले, पण घड्याळ मनगटावरच राहिले.

या बदलाचा अंदाज ज्यांना आधीच आला होता त्यांत हान्स विल्सडॉर्फ हे नाव मोठे आहे. जन्माने जर्मन, व्यवसाय लंडनमध्ये. १९०५ मध्ये भागीदारीत पेढी काढली आणि १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदवले. कोणत्याही भाषेत सहज उच्चारता यावे आणि तबकडीवर मावावे, असे ते छोटे नाव. मनगटावरच्या घड्याळाचे दोन मोठे शत्रू होते, धूळ आणि पाणी. १९२६ मध्ये विल्सडॉर्फ यांनी घट्ट बंद होणारी 'ऑयस्टर' केस आणली. पण लोकांना ते पटवायचे कसे? १९२७ मध्ये मर्सिडीझ ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटूने इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. त्या विक्रमावर शंका घेतली गेली, म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली. त्या वेळी तिच्याजवळ रोलेक्स होते. पाणी इतके थंड होते की दहा तासांनंतर तिला बाहेर काढावे लागले. खाडी काही त्या दिवशी पार झाली नाही, पण घड्याळ चालू होते. सुमारे महिन्याभराने, २४ नोव्हेंबरला, लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर रोलेक्सची पानभर जाहिरात झळकली.

ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. जाहिरात वाचून अनेकांना वाटते की घड्याळ बांधून तिने खाडी पार केली. प्रत्यक्षात खाडी पार केली ती आधी, आणि घड्याळ होते ते दुसऱ्या, अर्धवट राहिलेल्या प्रयत्नात. तेही मनगटावर नव्हे, गळ्यात. म्हणजे यात कुणी खोटे बोलले असे नाही. पण महागड्या घड्याळाभोवती गोष्ट असते आणि गोष्ट सांगताना ती थोडी सुबक होते. जुने घड्याळ विकणारा माणूसही तुम्हाला गोष्टच सांगणार आहे. "एका संस्थानिकाचे होते", "एका वैमानिकाने वापरले". गोष्ट ऐकावी, पण पैसे घड्याळ पाहून द्यावेत.

आपल्या देशाशी जोडलेली एक गोष्टही सांगतो. १९३०-३१च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले होते. इथे ब्रिटिश अधिकारी पोलो खेळत आणि चेंडूच्या किंवा काठीच्या फटक्याने घड्याळाची काच फुटे. खेळताना काच आत वळवता येईल असे घड्याळ हवे, ही मागणी त्यांनी स्वित्झर्लंडला नेली. मार्च १९३१ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज झाला आणि लकुल्त्र यांच्या कारखान्याशी जोडलेले 'रिव्हर्सो' हे उलटे फिरणारे घड्याळ जन्माला आले. आज ते श्रीमंतांचा दागिना आहे. मूळ कारण मात्र अगदी व्यवहाराचे, काच फुटू नये एवढेच. पाणबुड्यांची घड्याळे, वैमानिकांची घड्याळे, शर्यतीची घड्याळे, सगळी अशीच कामाची अवजारे होती. ती बनवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना ती पुढे तिजोरीत ठेवली जातील असे वाटले नव्हते. त्यामुळे त्यांच्यावर ओरखडे असणारच. अवजारावर ओरखडा नसेल तर उलट विचारले पाहिजे, का नाही?

मग अवजाराची चैनीची वस्तू झाली कधी? त्याची तारीख जवळजवळ सांगता येते. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सिको कंपनीने 'अॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका छोट्या मोटारीइतकी. पण महिन्याला फरक किती, तर पाच सेकंदांच्या आसपास. उत्तम यांत्रिक घड्याळ, ज्याला क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळते, त्यालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. दिवसाचा हिशेब एकीकडे आणि महिन्याचा दुसरीकडे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झाले आणि स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगाचे कंबरडे मोडले. १९७०च्या सुमारास तिथे या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तीस हजारांच्या आसपास उरले.

त्या पडझडीतली एक हकीकत आहे. ल लॉक्ल या गावच्या झेनिथ कंपनीने १९६९ मध्ये 'एल प्रिमेरो' नावाचे एक नामांकित यंत्र बनवले होते. १९७५ मध्ये अमेरिकन मालकांचा हुकूम आला, यांत्रिक घड्याळे बंद, साचे-हत्यारे मोडीत काढा. शार्ल वर्मो नावाच्या कारागिराला ते सहन झाले नाही. त्याने रात्री एकेक हत्यार, साचा, आराखडा उचलून कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेला, चिठ्ठ्या लावल्या, कोणती वस्तू कुठे ठेवली ते लिहून ठेवले. सुमारे दहा वर्षांनी जगाला यांत्रिक घड्याळे पुन्हा हवीशी झाली, तेव्हा त्या पोटमाळ्यावरच्या सामानातून उत्पादन सुरू करता आले. १९८८ पासून काही वर्षे खुद्द रोलेक्सच्या 'डेटोना'त, म्हणजे ज्या जातीचे घड्याळ न्यूमन यांच्या हातावर होते तिच्या पुढच्या पिढीत, याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती बसवली जात होती.

वेळ दाखवण्याच्या कामात यांत्रिक घड्याळ हरले आणि त्यानंतर लोक त्याच्याकडे कारागिरी म्हणून पाहू लागले. याच काळात जुन्या घड्याळांचा संघटित बाजार उभा राहिला. केवळ घड्याळांचे लिलाव करणारी 'अँटिकोरम' ही पेढी जिनिव्हात १९७४ मध्ये सुरू झाली, क्वार्ट्झची लाट अंगावर येत असतानाच. तोपर्यंत जुने घड्याळ म्हणजे दुरुस्त करून वापरायची वस्तू. आता ती जशीच्या तशी जपायची वस्तू झाली. आधीच्या जगात तबकडी बदलणे ही सेवा होती. नंतरच्या जगात तेच नुकसान ठरू लागले. जुने घड्याळ निवडताना होणारा बहुतेक घोटाळा या दोन जगांच्या मधल्या फटीत होतो.

आपल्याकडे ही फट फार रुंद आहे. मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार जुना. फेवरलुबा कंपनी १८६० च्या दशकापासून इथे व्यापार करत होती. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८०च्या दशकात मुंबईत आली. तिचे 'सोवार प्रिमा' घड्याळ म्हणजे आपला 'स्वार'च. घोडदळातल्या शिपायाच्या नावाने ते सैन्यात आणि रेल्वेत खपले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि स्विस घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने पडली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली, पण मागणीच्या मानाने पुरवठा अपुरा. लग्नात जावयाला घड्याळ हवेच, मॅट्रिक पास झालेल्या मुलाला हवेच. मग परदेशी घड्याळे चोरट्या मार्गाने येऊ लागली. त्यांचे प्रमाण किती होते याची साक्ष कायद्यातच आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम पाहा. चोरटा म्हणून पकडलेला माल चोरटा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर टाकणारे हे कलम. त्यात सोन्याच्या बरोबरीने ज्या वस्तूचे नाव घातले आहे ती वस्तू घड्याळ आहे. ते कलम आजही आहे. म्हणून महागडे परदेशी घड्याळ पावतीशिवाय घेऊ नका, हा सल्ला नुसता सावधगिरीचा नाही.

नवे घड्याळ मिळणे इतके कठीण, तेव्हा असलेले टिकवणे भागच होते. त्यातून आपल्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांचे असामान्य कसब तयार झाले. सुटा भाग मिळत नसेल तर दुसऱ्या घड्याळातून काढून बसवायचा, तोही नसेल तर घासून बनवायचा. तबकडी पावसाळ्यात डागाळली, की खरवडून नवा रंग द्यायचा आणि वर कंपनीचे नाव पुन्हा छापायचे. गिऱ्हाईक खूश, घड्याळ पुन्हा वीस वर्षे चालायला मोकळे. पुढे अशीच जुळवाजुळव करून, भडक रंगाच्या नव्या तबकड्या चढवून जुनी घड्याळे परदेशी विकली जाऊ लागली. जगभरच्या संग्राहकांनी अशा मालाला नावच ठेवले, 'मुंबई स्पेशल'. आपल्या शहराचे नाव अशा कारणासाठी प्रसिद्ध व्हावे याचे वाईट वाटते. पण नीट पाहिले तर तबकडी रंगवणारा कारागीर कुणाला फसवत नव्हता. त्याने गिऱ्हाइकाने सांगितलेले काम केले. फसवणूक सुरू होते ती रंगवलेली तबकडी 'मूळची आहे' म्हणून विकणाऱ्यापाशी.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण असे काम मी स्वतः करून घेतले आहे. माझ्या वडिलांकडे वेस्ट एंडचे घड्याळ होते. १९५६ मध्ये नोकरी लागल्यावर त्यांनी ते मुंबईत घेतले, तेही सेकंडहँडच. १९९४ मध्ये त्यांची साठी झाली. त्यांना चकित करायचे म्हणून मी ते घड्याळ गुपचूप नेले आणि अगदी नवे करून आणले. पिवळी पडलेली तबकडी पांढरीशुभ्र, आकडे काळेभोर, केसला पॉलिश. वडिलांनी ते हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "छान झालंय." मग थोड्या वेळाने विचारले, "ते जुनं डायल कुठंय?" जुने डायल वेगळे उरलेच नव्हते. तेच खरवडून त्यावर नवा रंग चढवला होता. दुरुस्तीवाल्याची काही चूक नव्हती. मी सांगितले तेच त्याने केले होते.

तेव्हा आता निवडायचे कसे, ते क्रमाने सांगतो. सर्वांत आधी तबकडी. जुन्या घड्याळाच्या किमतीतला फार मोठा वाटा तिचा असतो. साधे भिंग घेऊन अक्षरे पाहा. कारखान्यातली छपाई रेखीव असते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या नसतात आणि दोन अक्षरांमधले अंतर सारखे असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात, ओळ तिरकी जाते, मिनिटांच्या रेषा आकड्यांशी जुळत नाहीत, तळाची 'स्विस मेड' ही बारीक ओळ गायब असते. वय झालेली मूळ तबकडी थोडी पिवळट, थोडी डागाळलेली असू शकते. तिला भिऊ नका. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच छापल्यासारखी दिसली तर मात्र थांबा.

दुसरी खूण अंधारात चमकणाऱ्या रंगाची. आपण नंबरप्लेटवरच्या चमकत्या कागदालाही 'रेडियम' म्हणतो, तो शब्द आला घड्याळांतूनच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काट्यांवर आणि आकड्यांवर खरेच रेडियम लावत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करत. ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. रेडियम पोटात जाऊन त्यांच्या जबड्याची हाडे कुजली, अनेक जणी दगावल्या. त्यातल्या पाच जणींनी कोर्टात दाद मागितली आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. पुढे १९६०च्या दशकात रेडियमच्या जागी ट्रिटियम आले, आणि ते सांगण्यासाठी तबकडीच्या तळाशी 'टी' हे अक्षर छापू लागले. १९९०च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेला रंग आला आणि ते अक्षर गेले.

या इतिहासाचा खरेदीत थेट उपयोग होतो. १९५५चे म्हणून दाखवलेल्या घड्याळावर 'टी' असेल, तर तबकडी नंतरची आहे. ट्रिटियमचे तेज साधारण बारा वर्षांत निम्मे होते, तेव्हा १९७०चे घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल तर त्यावर नवा रंग भरला आहे. काट्यांवरचा रंग दुधी आणि आकड्यांवरचा पिवळा असेल, तर दोहोंपैकी काहीतरी बदलले आहे. आणि एक काळजी घ्या. रेडियमचे घड्याळ आता चमकत नाही म्हणून ते थंड झाले असे समजू नका. चमकणारे द्रव्य मरते, रेडियम मात्र निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे घेते. अशा घड्याळाची काच काढून रंग खरवडण्याचा उद्योग घरी करू नये.

तिसरी गोष्ट केस. पट्टा जिथे बसतो ती चार टोके बाजूने पाहा. कारखान्यातून ती धारदार, ठसठशीत आलेली असतात. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातो आणि टोके चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होतात. जुन्या रोलेक्समध्ये अनुक्रमांक याच टोकांच्या मध्ये, पट्ट्याखाली कोरलेला असतो. पट्टा काढायला लावून तो वाचा. अंक पुसट असणे समजू शकते, मुद्दाम घासलेले किंवा पुन्हा कोरलेले अंक नकोत. चकाकी हा गुण समजू नका. ओरखडे असलेली जाड केस ही चकचकीत झिजलेल्या केसपेक्षा नेहमी बरी.

चौथे, मशीन. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर उठून यावे. आतल्या यंत्रावर कंपनीचे नाव आणि यंत्राचा क्रमांक असतो. तो त्या मॉडेलचा आणि त्या काळाचा आहे का हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. गंज, स्क्रूच्या खाचा खराब झालेल्या, चावी देताना खरखर, या साऱ्या खर्चाच्या सूचना आहेत. गुंतागुंतीच्या घड्याळाची एक चांगली सर्व्हिसिंग खिसा हलका करते, म्हणून खरेदीच्या आधीच तिचा खर्च धरून चालावे. आणि कंपनीने स्वतः दुरुस्ती केली म्हणजे सगळे मूळचेच, असेही नाही. कित्येक कंपन्यांनी पूर्वी सर्व्हिसिंग करताना जुन्या तबकड्या आणि काटे काढून नवे बसवले आहेत. ती फसवणूक नव्हे. पण ती गोष्ट तुम्हाला माहीत असली पाहिजे आणि किमतीत दिसली पाहिजे.

शेवटी कागदपत्रे. मूळ पावती, हमीपत्र, डबी, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर उत्तमच. पण कागद हा पुरावा तेव्हाच, जेव्हा तो वस्तूशी जुळतो. याचा मोठा धडा अलीकडेच मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ओमेगा कंपनीचे १९५७चे 'स्पीडमास्टर' लिलावात सुमारे ३१ लाख स्विस फ्रँकला गेले. ज्या मालिकेची घड्याळे पुढे चंद्रावर गेली, तिची ही पहिली आवृत्ती. ते विकत घेतले खुद्द ओमेगाच्या संग्रहालयाने. आणि २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि त्या कटात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. म्हणजे ज्यांनी घड्याळ बनवले, ज्यांच्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत, तेही फसले. भाग जुने असूनही संपूर्ण घड्याळ खोटे असू शकते. आपल्या दुरुस्तीवाल्याने नाइलाजाने केलेली जुळवाजुळव आणि ही जुळवाजुळव वरवर सारखीच. फरक आहे तो सांगण्यात आणि लपवण्यात.

मग सामान्य माणसाने काय करावे? त्याच्यासाठी आता काही सुरक्षित वाटा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने आपली वापरलेली घड्याळे निवडक अधिकृत विक्रेत्यांमार्फत, तपासून आणि दोन वर्षांच्या हमीसह विकण्याची योजना सुरू केली. अशा ठिकाणी पैसे जास्त पडतात, पण ते तपासणीचे पैसे असतात. बाहेर घ्यायचे असेल तर एकच मॉडेल ठरवा, त्याची शक्य तितकी खरी उदाहरणे पाहा, आणि घड्याळाआधी विकणाऱ्याची पारख करा. "या घड्याळात काय काय बदललेले आहे?" हा प्रश्न त्याला सरळ विचारा. जो नीट यादी सांगतो त्याच्याकडे पुन्हा जा. जो "काहीच नाही, सगळे ओरिजिनल" म्हणतो, त्याला ते पावतीवर लिहून द्यायला सांगा. आणि पुढे भाव वाढेल या आशेने घेऊ नका. न्यूमन यांचे घड्याळ एकच होते. उद्या विकता आले नाही तरी हातावर ठेवायला आवडेल असेच घड्याळ घ्या.

आणखी एक विनंती. तुमच्या घरी आजोबांचे, वडिलांचे घड्याळ कपाटात पडले असेल तर ते आधी पाहा. बाजारात त्याला फार भाव येणार नाही कदाचित. पण त्याचा इतिहास तुम्हाला कुणी विकलेला नाही. तो तुम्हाला ठाऊक आहे. ते चालू करून घ्या, तेलपाणी करा, काच बदला. तबकडीला मात्र हात लावू देऊ नका.

माझ्या वडिलांचे घड्याळ आता माझ्याकडे आहे. तबकडी तीच, १९९४ची. कुणीही जाणकार एका नजरेत सांगेल की ही रंगवलेली आहे. मागच्या वर्षी सर्व्हिसिंगला दिले, तेव्हा घड्याळजीने झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिले. दुरुस्तीवाले काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण करतात, कधी तारीख, कधी नुसते अक्षर. तिथे नऊ खुणा होत्या. सर्वांत जुनी १९४९ची, म्हणजे वडिलांनी घेण्याच्या सात वर्षे आधीची, त्यांच्या आधीच्या कुणा मालकाच्या काळातली. पॉलिश करताना ती आतली बाजू राहून गेली होती. घड्याळजीने त्यांच्याखाली दहावी खूण केली आणि झाकण लावले.